क्लीन बोल्ड होणारा सुपरस्टार

बंगळूरातल्या चिकपेटच्या रेशीमबाजारातून निघून केंपेगौडा रोडला लागलं की टॉकीजांचा मुलूख सुरू होतो. डॉ. राजकुमारांचा ‘बंगारद मनुष्य’ १९७२ मध्ये इथल्याच स्टेट्स टॉकीजला लागला आणि दोन वर्षं चालला. कपाली, सागर, नर्तकी, संतोष ही सगळी नावं याच भागातली. शेजारच्या बसस्थानकाच्या अख्ख्या भागाला मॅजेस्टिक म्हणतात, तेही एका टॉकीजवरूनच. अशा पेठेतल्या माणसाला सिनेमाबद्दल मत असतंच, आणि ते एका भाषेपुरतं नसतं. दिवसभर कन्नड, तमिळ, तेलुगू, मारवाडी, दख्खनी कानावर पडत असताना शुक्रवारी लागलेला सिनेमा कुठल्या भाषेतला, याला फारसं महत्त्व उरत नाही. जुनी भावसार-शिंप्यांची घरं असोत, की विटा-आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी आलेली कुटुंबं, इथल्या मराठी माणसाला एक नट मात्र हक्काचा वाटतो. बंगळूरच्या हनुमंतनगरात वाढलेला शिवाजीराव गायकवाड. बंगळूर ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसचा हा कंडक्टर श्रीनगर ते मॅजेस्टिक अशा फेऱ्या करायचा, पुढे मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि ऑगस्ट १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’मधून रजनीकांत झाला. हा अभिमान मलाही आहे. पण ‘आपला गायकवाड’ म्हटलं की आपली चर्चा संपते, आणि त्याचं काम कसं आहे हे बोलायचं राहूनच जातं. ते बोलायची खरी वेळ आता आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतले त्याचे चित्रपट ओळीने पाहिले तर एक गोष्ट स्वच्छ दिसते. ज्या दिग्दर्शकाने त्याला म्हातारा होऊ दिलं, त्याला उत्तम रजनी मिळाला. ज्याने त्याचं वय झाकलं, त्याला नुसती स्टाइल मिळाली.

हे म्हणायला आधार त्याच्या सुरुवातीच्या कामाचा आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो बहुतेक वेळा नायक नव्हताच. पुट्टण्णा कणगाल यांच्या कन्नड ‘कथा संगम’मध्ये (१९७६) तो खलनायक होता. ‘मून्ड्रु मुडिचु’मध्ये तो डोळ्यांदेखत मित्राला बुडू देतो. ‘अवर्गळ’मध्ये छळवादी नवरा आणि ‘पदिनारु वयदिनिले’मध्ये गावगुंड. आणि मग १९७८ मध्ये महेंद्रन यांचा ‘मुळ्ळुम मलरुम’ आला. यातला काळी हा डोंगरातल्या वीज प्रकल्पावर विंच चालवणारा, तापट, मानी, बहिणीवर जीव टाकणारा माणूस आहे. अपघातात त्याचा एक हात जातो. ज्या इंजिनिअरचा तो मनापासून तिरस्कार करतो त्याच्यावरच बहिणीचं मन बसतं. शेवटी सगळं गाव विरोधात असताना बहीण लग्नाच्या वाटेवरून माघारी त्याच्याकडे येते. तेव्हा तो आधी सगळ्यांना दाखवून देतो की हिला माझ्याहून कोणी मोठं नाही, मग तिला त्या माणसाच्या स्वाधीन करतो, आणि वर इंजिनिअरला सांगून टाकतो की तुम्ही मला आजही आवडत नाही. एका प्रसंगात अहंकार, माया आणि हार एकाच चेहऱ्यावर येतात आणि एकही भाव दुसऱ्याला पुसत नाही. रजनीला अभिनय येतो का, असं विचारणाऱ्याने हा शेवट पाहावा.

पुढे जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९८० मध्ये अमिताभच्या ‘डॉन’वरून ‘बिल्ला’ निघाला आणि गाडीने रूळ बदलले. ‘अण्णामलै’, ‘बाशा’, ‘पडैयप्पा’ या नव्वदच्या दशकातल्या चित्रपटांनी सिगारेट, गॉगल, चाल आणि पल्लेदार वाक्य यांची एक पक्की रीत बसवली. या स्टाइलला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. ‘बाशा’मधला रिक्षावाला मार खात राहतो, कारण त्याने स्वतःला बांधून घेतलंय, तो बांध फुटेपर्यंत प्रेक्षकाला ताटकळत ठेवणं हेही नटाचंच काम आहे. पण ही रीत शरीराच्या आधारावर उभी असते, आणि शरीर वयाला बांधलेलं असतं. १२ डिसेंबर २०१४ रोजी, त्याच्या चौसष्टाव्या वाढदिवशी, ‘लिंगा’ आला. त्यात नायिका सोनाक्षी सिन्हा, म्हणजे रजनीच्याच पिढीतल्या शत्रुघ्न सिन्हांची मुलगी. शेवटी नायक मोटरसायकलवरून हवेतल्या बलूनवर झेप घेतो. वितरकांना तोटा झाला, त्यांनी भरपाई मागितली, उपोषणापर्यंत प्रकरण गेलं. चाहत्याचं प्रेम कमी झालं होतं असं मला वाटत नाही. जे दाखवलं जात होतं त्यावर चाहत्याचासुद्धा विश्वास बसत नव्हता, एवढंच.

त्यानंतर पा. रंजित नावाच्या तरुण दिग्दर्शकाने धाडस केलं. ‘कबाली’मध्ये (२०१६) पिकलेल्या दाढीचा, तुरुंगातून सुटलेला माणूस हरवलेल्या बायकोचा शोध घेतो. ती बायको झाली आहे आपली पुण्याची राधिका आपटे, आणि त्या दोघांच्या भेटीचा प्रसंग हाच त्या चित्रपटाचा कळस आहे, मारामारी नव्हे. दोन वर्षांनी आलेल्या ‘काला’मध्ये रंजित आणखी पुढे गेला. सुपरस्टारचं पहिलं दर्शन म्हणजे दक्षिणेत केवढा सोहळा असतो! पाय दिसणार, मग हात, मग चष्मा, मग टाळ्या. ‘काला’मध्ये धारावीतला हा म्हातारा पोरांबरोबर गल्लीत क्रिकेट खेळताना आपल्याला भेटतो, आणि क्लीन बोल्ड होतो. त्या एका चेंडूत रंजितने नायकाला घरात आणून बसवलं. मग हाच माणूस बायकोच्या टोमण्यांनी गांगरतो, नातवंडांत रमतो, जुन्या प्रेयसीबरोबर जेवायला बसला की त्याला काय बोलावं कळत नाही. मराठी प्रेक्षकाला तर या चित्रपटात दुहेरी रस असायला हवा होता. मराठी घरातला नट धारावीतला तमिळ पुढारी झाला आहे, त्याच्या समोर भूमिपुत्रांचं राजकारण करणारा हरी दादा म्हणून नाना पाटेकर आहे, आणि धारावीच्या बाजूने लढणाऱ्या मुलीच्या भूमिकेत नाशिकची अंजली पाटील. मुंबई कोणाची, हा आपल्या इतक्या जवळचा प्रश्न घेऊन आलेल्या या चित्रपटाची मराठीत व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘काला’ने तितका धंदा केला नाही, मग लोकांना म्हातारा रजनी नकोच असणार. बंगळूरचा तरी दाखला इथे देऊ नये. जून २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्याबद्दलच्या त्याच्या विधानावरून कन्नड संघटनांनी या चित्रपटाला विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि प्रदर्शनाच्या दिवशी इथल्या चित्रपटगृहांसमोर निदर्शनं झाली. त्या गर्दीत पडद्यावरच्या नायकाचं वय कोणी मोजत नव्हतं. शिवाय हा आक्षेप खरा असता तर पुढचा प्रयोग करायला कोणी धजावलंच नसतं, आणि झालं ते उलटच. मधल्या काळात वय झाकण्याचे प्रयत्न पुन्हा झाले. ‘दरबार’मध्ये तो तडफदार मुंबई पोलीस आयुक्त, ‘अण्णात्ते’मध्ये बहिणीसाठी पेटून उठणारा भाऊ. दोन्ही आज कोणाला आठवतात?

आणि २०२३ मध्ये ‘जेलर’ आला. दिग्दर्शक नेल्सनने केलेली युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. मुत्तुवेल पांडियन हा निवृत्त जेलर घरात बिनमहत्त्वाचा झाला आहे. पोलीस अधिकारी मुलाचे बूट पॉलिश करतो, नातवाच्या यूट्यूब व्हिडिओसाठी राबतो, बायकोची बोलणी खातो. मुलगा बेपत्ता झाल्यावर त्याच्यातला जुना माणूस जागा होतो खरा, पण तो उड्या मारत नाही. तो खुर्चीत बसतो, चष्म्याआडून बघतो, किंचित हसतो, आणि गोळ्या दूर कुठे तरी दबा धरून बसलेल्या त्याच्या माणसांच्या बंदुकीतून सुटतात. पळापळ, झेप, नेमबाजी हे सगळं दिग्दर्शकाने इतरांना वाटून दिलं आणि रजनीकडे फक्त थांबणं ठेवलं. त्या थांबण्याची जरब दहा मारामाऱ्यांत आली नसती. आणि शेवटी ज्या मुलासाठी एवढा रक्तपात केला तोच भ्रष्ट निघतो, तेव्हा बापाचा चेहरा पाहताना मला थेट ‘मुळ्ळुम मलरुम’मधला काळी आठवला. माया आहे, मान आहे, आणि हारही आहे.

‘जेलर’चं यश अनिरुद्धच्या संगीताचं आणि पाहुण्या कलाकारांचं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. केरळसाठी मोहनलाल, हिंदीसाठी जॅकी श्रॉफ, आणि आमच्या केंपेगौडा रोडसाठी शिवराजकुमार, म्हणजेच शिवण्णा. बाजाराचं गणित उघड आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. शिवण्णा हातात टिश्यूपेपरचा खोका घेऊन, सिगार ओढत आला की बंगळूरची चित्रपटगृहं डोक्यावर घेतली जात होती. पण या पाहुण्यांना येण्यासाठी कथेत जागा का होती, हे विचारलं पाहिजे. एकट्याने निभावणार नाही असा म्हातारा जुन्या ओळखीपाळखी गोळा करतो, म्हणून ते येतात. ‘कूली’मध्ये (ऑगस्ट २०२५) नागार्जुन, उपेंद्र, आमिर खान अशी याहून मोठी फौज होती, संगीत अनिरुद्धचंच होतं, आणि लोकेश कनगराजसारखा गाजलेला दिग्दर्शक होता. तरी मनात उरतं फार थोडं. तिथे पाहुणे कथेच्या गरजेने येत नाहीत, यादीतल्या क्रमाने येतात. आणि पूर्वकथेत तंत्राने घडवलेला तरुण रजनी अवतरतो. तो क्षणभर सुखावतो, हे कबूल. पण ‘लिंगा’त मेकअपने केलं तेच इथे संगणकाने केलं. त्या चित्रपटात भूमिका म्हणून लक्षात राहते ती कन्नड अभिनेत्री रचिता राम हिची. त्याआधीच्या ‘वेट्टैयन’ची (२०२४) हळहळ वेगळी आहे. चकमकफेम पोलीस अधिकाऱ्याच्या हातून निरपराध माणूस मारला जातो, समोर न्यायाधीशाच्या भूमिकेत अमिताभ बच्चन, असा ऐवज टी. जे. ज्ञानवेल यांच्या हाती होता. अपराधाच्या जाणिवेने खचलेला रजनी काही मिनिटं दिसतोही. मग चित्रपटाला धीर राहत नाही आणि तो पुन्हा गॉगल चढवतो.

तुलना करायची तर मामुट्टीशी करावी. १९५१ चा जन्म, म्हणजे रजनीहून एका वर्षाने लहान. ‘नन्पकल नेरत्तु मयक्कम’मध्ये तो दुपारच्या डुलकीतून जागा होतो आणि परक्या गावात दुसऱ्याच माणसाचं आयुष्य जगू लागतो. ‘कातल’मध्ये (२०२३) तो आयुष्यभर आपलं समलैंगिक असणं दडवून ठेवलेला संसारी गृहस्थ आहे. ‘भ्रमयुगम’मध्ये (२०२४) कृष्णधवल पडद्यावरचा भयंकर म्हातारा. सत्तरी ओलांडलेल्या सुपरस्टारने लागोपाठ असं काम करावं, हे भारतीय सिनेमात नवलच आहे. यावर जाणकार सांगतात की मल्याळम चित्रपट कमी खर्चात होतात, मामुट्टीची स्वतःची निर्मितीसंस्था आहे, आणि रजनीच्या चित्रपटावर मात्र शेकडो चित्रपटगृहांचं वर्षाचं गणित बसतं. मुद्दा बरोबर आहे. एकपडदा टॉकीज चालवणाऱ्याला पोट आहे. कपाली पाडून तिथे मॉल झाला, हे या पेठेने पाहिलं आहे. पण दरवर्षी एक भव्य चित्रपट करू नये असं कोण म्हणतंय? दोन भव्य चित्रपटांच्या मध्ये एक लहान चित्रपट केल्याने कोणत्या टॉकीजला कुलूप लागणार? अमिताभने ‘मृत्युदाता’ आणि ‘लाल बादशाह’च्या काळात तरुणपणाचा हट्ट धरून पाहिला. तो सोडल्यावरच ‘ब्लॅक’, ‘पीकू’ आणि नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ त्याच्या वाट्याला आले. त्याने मोठे चित्रपटही सोडले नाहीत.

काही मराठी वाचक विचारतील, की ज्याची सगळी कारकीर्द तमिळमध्ये झाली त्याच्या म्हातारपणाची काळजी आपण का वाहावी? २०१९ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्याला जाहीर झाला तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत गायकवाड हे आडनाव ठळकपणे आलं, म्हणूनच वाहावी. नाव आपलं म्हणायचं आणि कामाचा हिशेब तमिळ चाहत्यांवर सोडायचा, हे बरोबर नाही. आणि एकमेकांच्या सिनेमात जाऊन बसणं चिकपेटेत राहणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

‘जेलर’च्या दुसऱ्या भागाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली. पहिल्या भागाच्या शेवटी मुत्तुवेलचा मुलगा मेला आहे, घरात सून आहे, बायको आहे, आणि व्हिडिओ करणारा नातू आहे. तुझा बाप कसा होता आणि कसा गेला, हे त्या पोराला आजोबा कधी सांगणार आणि काय सांगणार, हा प्रश्न पहिल्या भागाने उघडा ठेवला आहे. नेल्सन तो कथेत घेतो की नव्या पाहुण्यांची यादी घेऊन येतो, यावर त्या चित्रपटाची किंमत ठरेल. पहिल्या दिवशीच्या आकड्यांआधी मी तेच बघणार आहे.