सांधेदुखी : हळद किती, औषध कधी?

भाताची आवणी उरकली की जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात गुडघे आणि कंबर धरून बसलेल्या बायका घरोघरी दिसतात. पूर्वेकडच्या बागायती गावांत कांद्याची लागवड आणि काढणी हेच करते. मग हळदीचे दूध, आल्याचा काढा, मेथीचे लाडू आणि लसूण घालून कढवलेले तेल सुरू होते. या उपायांत तथ्य आहे. पण ते कोणत्या दुखण्यावर चालतात, हे ओळखायला हवे.

याच पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ मध्ये चार हजारांवर प्रौढांची घरोघर पाहणी झाली. शंभरात सुमारे १८ जणांना सांधे-स्नायूंचा त्रास होता. त्यात झिजेचे आणि कष्टाचे दुखणे जास्त. आमवात हजारात पाच जणांच्या आसपास.

झिजेच्या दुखण्यात स्वयंपाकघर मदत करते. थायलंडमध्ये गुडघ्यांची झीज झालेल्या ३६७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१४) हळदीचा अर्क चार आठवडे आयबुप्रोफेनइतकाच उपयोगी ठरला. मात्र तो रोज दीड ग्रॅम अर्क होता. चमचाभर, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम हळदीत करक्युमिन हा गुणकारी घटक जेमतेम शे-दीडशे मिलिग्रॅम असतो आणि त्यातलाही थोडाच रक्तात उतरतो. मिरपुडीतल्या पायपेरिनने तो २० पट जास्त शोषला जातो, असे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. म्हणून हळद दुधात घ्यायची तर चिमूटभर मिरपूड घालावी. आल्यानेही थोडा आराम पडतो. मेथीबद्दल भक्कम पुरावा नाही; आणि लाडवातले तूप-गूळ वजन व साखर वाढवतात. वजन एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो. हा फायदा कोणत्याही काढ्याहून मोठा आहे.

गरम मिठाच्या पुरचुंडीचा शेक आणि कोमट तेलाचा हलका हात दुखरे स्नायू सैल करतो. पण सांधा लाल, गरम असेल तर शेकू नये. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी तर शेक टाळावाच. भाजलेले कळत नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हळद-आले भाजी-आमटीपुरतेच ठेवावे. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी हळदीच्या कॅप्सूल घेऊ नयेत.

आमवाताची गोष्ट वेगळी. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. झिजेत सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात सुटतो. आमवातात तासभर मूठ वळत नाही, दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजतात. काढ्याने दुखणे थोडे दबते, सांधा मात्र आतून खात जातो. पहिल्या काही महिन्यांत मेथोट्रेक्सेटसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू झाले, तर बोटे वाकडी होणे बहुतेकांत टाळता येते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे. आणि गरोदरपणात घ्यायचे नसते.

सर्वांत घातक असतात त्या बाजारात मिळणाऱ्या, ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. दुखणे पळते, पण चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. अनेक महिने घेतलेली पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे; ती डॉक्टरांना दाखवूनच थांबवावी.

सकाळचा ताठरपणा आणि सूज सहा आठवडे टिकली, तर मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. एकच सांधा अचानक सुजून ताप आला, तर त्याच दिवशी निघावे. हळदीचे दूध परत येऊनही पिता येईल.