होडीवरचं छप्पर : सावली हवी, पण किती वजनाची?

नागापूर एमआयडीसीतून मनमाड रोडने राहुरीकडे निघालं की थोड्याच वेळात मुळा धरणाचा परिसर लागतो. बारागाव नांदूरजवळचं हे मातीचं धरण, २६ टीएमसी क्षमतेचं, आणि त्यामागचा ज्ञानेश्वरसागर. नगर शहराच्या नळाला येणारं पाणी इथलंच. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे, पण बोलताना आपल्या तोंडी अजून 'नगर'च येतं.) या पाण्यावर कटला, रोहू, मृगळ पकडणाऱ्या छोट्या होड्या असतात. एका होडीत दोन माणसं, जाळी, एखादं वल्हं नि माशांचा क्रेट. डोक्यावर मात्र आभाळच!

एप्रिल-मे महिन्यात नगरचा पारा चाळिशीला टेकतो. जाळ्यातून एकेक मासा सोडवत तासन् तास उन्हात बसायचं म्हणजे काय, हे कँटीनच्या पंख्याखाली बसून कळणार नाही. मग सरळ उपाय सुचतो : होडीवर छप्पर टाका की! चार पाइप, एक पत्रा, अर्ध्या दिवसाचं वेल्डिंग. आपल्या एमआयडीसीत त्याला काय तोटा?

मित्रांनो, इथेच थोडं थांबायला हवं. जमिनीवरचं छप्पर आणि पाण्यावरचं छप्पर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक समजायला सेकंड इयरचं फ्लुइड मेकॅनिक्स पुरतं. ओरलपुरतं पाठ केलेलं 'मेटासेंटर' इथे खरंच कुणाचा तरी जीव वाचवतं.

होडी उलटत का नाही?

होडीचं सगळं वजन एका बिंदूतून खाली लागतं, तो गुरुत्वमध्य. पाण्याचा वर ढकलणारा जोर बुडलेल्या भागाच्या मध्यातून लागतो, तो प्लवनमध्य. होडी एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग बुडतो, म्हणून प्लवनमध्यही तिकडे सरकतो आणि होडीला पुन्हा सरळ करू पाहतो. या सरकलेल्या जोराची उभी रेषा होडीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते तो मेटासेंटर. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल तर होडी सरळ होते, वर गेला तर उलटते. या दोन बिंदूंमधलं अंतर, ज्याला आपण 'जीएम' म्हणतो, ते म्हणजे होडीच्या बँकेतली शिल्लक समजा. होडीत उंचावर काहीही चढवलं की त्या शिलकीतून पैसे निघतात.

आता आकडे घेऊ. सोयीसाठी होडीचा पाण्यातला भाग ४ मीटर लांब आणि १ मीटर रुंद अशी सपाट पेटी धरू. होडी १५० किलो, दोन माणसं १३०, जाळी नि मासे ७०, एकूण ३५० किलो. म्हणजे होडी साधारण ९ सेंटिमीटर बुडेल. माणसं बसलेली असताना एकत्रित गुरुत्वमध्य तळापासून सुमारे ३७ सेंमी येतो. पेटीसाठी प्लवनमध्यापासून मेटासेंटरची उंची म्हणजे रुंदीचा वर्ग भागिले बुडालेल्या खोलीची १२ पट. गणित केलं की जीएम निघतो सुमारे ६२ सेंमी. तब्येत ठणठणीत!

आता दोन छपरं तुलनेला घेऊ. दोन्हींचा आकार २ मीटर बाय दीड मीटर.

पहिलं 'मजबूत' छप्पर. पाऊण इंची जीआय पाइपचा सांगाडा आणि वर पत्रा, उभं राहता येईल इतकं उंच, तळापासून १.९ मीटर. पाऊण इंची मध्यम जाडीचा पाइप मीटरला दीड किलोच्या वर भरतो, त्यात पत्रा धरला की एकूण ४५ किलोच्या आसपास जातं. जीएम उतरतो ३८ सेंमीवर. शिलकीतली जवळजवळ ४० टक्के रक्कम एका झटक्यात खर्च!

दुसरं हलकं छप्पर. बांबू किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, वर कापड, बसूनच वापरायचं, उंची १.४ मीटर, वजन १२ किलो. जीएम राहतो ५७ सेंमी.

आणखी एक गंमत. ६५ किलोचा माणूस बसलेला उभा राहिला तर त्याचा स्वतःचा गुरुत्वमध्य साधारण अर्धा मीटर वर जातो, त्यामुळे आख्ख्या होडीचा ९ सेंमी वर सरकतो. म्हणजे हलक्या छपराने जेवढा धोका वाढतो, त्यापेक्षा जास्त धोका एका माणसाच्या उभं राहण्याने वाढतो. छप्पर बुटकं असेल तर माणूस त्याखाली बसूनच काम करतो. हाही फायदाच झाला.

खरा शत्रू वारा

वजन तर दिसतं, तराजूवर मोजता येतं. वारा दिसत नाही. वाऱ्याच्या दाबासाठी आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात सुटसुटीत सूत्र आहे : ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रतिसेकंदात, दाब न्यूटन प्रतिचौरस मीटरमध्ये. इथला 'वर्ग' हा शब्द महत्त्वाचा. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

आडव्या उन्हासाठी छपराच्या एका बाजूला ६० सेंमीचा पडदा सोडला असं धरू, म्हणजे १.२ चौरस मीटर कापड. ताशी ३६ किमी वाऱ्यात (१० मीटर प्रतिसेकंद) त्यावर साधारण ७ किलोचा जोर येतो. विशेष काही नाही. पण वळवाच्या पावसाआधी सुटणारा वारा सहज ताशी ७२ किमीला पोचतो. मग तोच जोर २९ किलो, आणि तोही पाण्यापासून मीटरभर उंचीवर! होडीला कलवणारा हा मोमेंट सुमारे ३१ किलो-मीटर होतो. ६५ किलोचा माणूस अचानक ४० सेंमी बाजूला सरकला तर त्याचा मोमेंट २६. म्हणजे वाऱ्याने न दिसणारा एक धडधाकट माणूसच होडीच्या काठावर आणून बसवला.

आता वाईटात वाईट घडलं असं समजू. वारा सुटला आणि घाबरून एक जण त्याच बाजूला सरकला. हलक्या छपराच्या होडीचा काठ सुमारे १४ सेंमी खाली जातो. उंच पत्र्याच्या होडीवर पडदाही जास्त उंचीवर असल्याने वाऱ्याचा मोमेंट आणखी वाढतो आणि काठ जवळजवळ २४ सेंमी खाली जातो. ३५ सेंमी खोल होडी १० सेंमी बुडालेली असली तर काठ पाण्यापासून वर राहतो फक्त २५ सेंमी. एक लाट आली की खेळ खल्लास. वर हे सूत्र लहान कलासाठीच बरोबर आहे. एवढ्या कलात दुसऱ्या बाजूचा तळ पाण्याबाहेर येतो आणि होडीचा प्रतिकार घटतो. म्हणजे प्रत्यक्षात परिस्थिती या आकड्यांपेक्षा वाईटच.

वारा छपराखाली शिरला तर उचलतोही. ३ चौरस मीटर कापडावर ताशी ७२ किमीचा पूर्ण दाब आला तर तो जवळपास ७३ किलोचा होतो. १२ किलोच्या छपराचा पतंग व्हायला एवढा जोर पुष्कळ झाला.

हे सगळं कागदावरचं वाटतंय? २१ मे २०२४ रोजी उजनी धरणात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. आपल्यासारखंच धरणाचं पाणी, तोच मे महिना, तोच वळवाचा वारा. त्याआधी ७ मे २०२३ रोजी केरळात तानूरला दुमजली प्रवासी बोट उलटून २२ जण गेले. मूळ मासेमारीच्या बोटीत फेरफार करून ती बनवल्याचं नंतर समोर आलं. त्यात गर्दीही होती, हे खरं. पण बोटीवर वर काहीतरी चढवताना खालचं गणित नव्याने करावं लागतं, एवढा धडा त्यातून घ्यायलाच हवा.

सावली पडते कुठे?

'जितकं उंच छप्पर तितकी हवा चांगली' असं वाटतं खरं, पण सूर्याचं ऐकायला हवं. नगर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, तेव्हा कुठलंही छप्पर चालतं. पण सकाळी साडेनऊ आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो आणि सावली बाजूला सरकते. बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून छप्पर २५ सेंमी वर असेल तर डोक्याच्या पातळीवर सावली सरकते फक्त २३ सेंमी. तेच उंच छपराखाली ७५ सेंमी अंतर असेल तर जवळपास ७० सेंमी सरकते. होडी उत्तर-दक्षिण उभी असेल तर दीड मीटर रुंद छपराखालीही डोकं सावलीच्या काठावर येतं. म्हणजे बुटकं छप्पर होडीलाही बरं आणि डोक्यालाही बरं.

सावलीने हवेचं तापमान कमी होत नाही, हेही लक्षात घ्या. कमी होतो तो थेट उन्हाचा मारा. दुपारी दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास येणारं ऊन अडवणं हेच छपराचं काम. म्हणून खालून वारा खेळता राहिला पाहिजे. पत्रा तापला की तोच खाली उष्णता फेकतो. कापड निवडताना पांढरं किंवा फिकट घ्यावं, काळी ताडपत्री नको.

मग करायचं काय?

१. कापडाऐवजी शेडनेट. आपल्याकडे भाजीपाल्याच्या रोपवाटिकांवर दिसते तीच. ७५ टक्क्यांची नेट बहुतेक ऊन अडवते, पण छिद्रांमधून वारा जाऊ देते. त्यामुळे वाऱ्याचा जोर सलग ताडपत्रीपेक्षा कमी येतो. पावसाला ती उपयोगी नाही, पण पावसात पाण्यावर थांबायचंच नाही.

२. अर्धं छप्पर. सावली मागच्या, बसायच्या भागावर आणि माशांच्या क्रेटवर. पुढचा भाग जाळं टाकायला, ओढायला मोकळा. छपराच्या खांबात जाळं अडकलं तर तो वेगळाच अपघात.

३. मिटणाऱ्या कमानी. दोन्ही काठांवर एकेक बिजागरी, त्यात फिरणाऱ्या दोन-तीन वाकवलेल्या नळ्या, जुन्या टांग्याच्या किंवा बाबागाडीच्या टपासारख्या. पुढून-मागून ताणदोऱ्या. २५ मिमी व्यासाची, दीड मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची नळी मीटरला फक्त ३०० ग्रॅम भरते. पाइप वाकवायचं काम आपल्या नागापुरात कुठेही होईल.

४. सुरगाठ. ताणदोरी अशी बांधा की एक टोक ओढलं की छत खाली. नटबोल्ट उघडायला पाना शोधायची वेळ वादळ देत नाही. कसोटी सोपी आहे : एका माणसाने, बसल्या जागेवरून, दहा आकडे मोजेपर्यंत छत मिटलं पाहिजे. नाही मिटलं तर डिझाइन नापास.

५. पडदा एकाच बाजूला, गुंडाळता येईल असा. दोन्ही बाजू बंद करून खोपटं करायचं नाही. होडी उलटली तर आतल्या माणसाला बाहेर पडायला वाट हवी.

६. सगळ्यात आधी चाचणी. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, नेहमीच्या वजनासह. माणसाने एका बाजूला सरकायचं आणि काठ किती सेंमी खाली गेला ते पट्टीने मोजायचं. आधी छपराशिवाय, मग छपरासह. फरक फार असेल तर छप्पर उतरवून उंची किंवा वजन कमी करा. या चाचणीला ना लॅब लागते ना लॅपटॉप.

लाइफ जॅकेट आणि बाकाखाली घट्ट बांधलेले थर्माकोलचे ठोकळे हे तर हवेतच. पश्चिमेला काळं दिसलं की आधी छत मिटायचं, मग जाळं, आणि थेट काठ गाठायचा. वळवाबरोबर वीजही येते. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो.

शेवटी एक सुचवावंसं वाटतं. दरवर्षी प्रोजेक्टच्या विषयासाठी आपली शोधाशोध सुरू होते, आणि शेवटी सीनियरचाच रिपोर्ट नवं कव्हर घालून सबमिट होतो. हा विषय तासाभराच्या अंतरावर आहे. खर्च काही हजारांत बसेल, गणित आपल्याच पुस्तकातलं आहे, आणि चाचणी घ्यायला पाणी आहे. फक्त जाताना आपलंच डिझाइन शहाणं असं समजून जाऊ नका. वारा कुठून येतो, जाळं कुठल्या बाजूने ओढतात, छत कुठे नडेल हे त्या होडीवाल्या मामांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आधी त्यांचं ऐका, मग कॅल्क्युलेटर काढा.