‘बाय’ की ‘विथ’?

आमच्या नाशिकक्षेत्री पंचवटीची कथा कोणत्या बालकास ठाऊक नाही? ‘लक्ष्मणाने खड्गाने शूर्पणखेचे नाक कापिले’ हे वाक्य आम्ही वर्गात इंग्रजी कर्मणि प्रयोगात करावयास देत असू, व हुशार मुलेही दोहों ठिकाणी ‘बाय’ लिहीत. त्यांस आम्ही मंद म्हटले, याचा आज पश्चात्ताप होतो. दोष बुद्धीचा नव्हे. मराठीत दोहोंसही ‘ने’. पाणिनीनेही कर्ता व करण यांस तृतीयाच सांगितली. इंग्रजीने मात्र त्यांची फारकत केली : कर्त्यास ‘बाय’, हातच्या साधनास ‘विथ’. म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी रागे न भरता इतकेच विचारावे, ‘कोणी कापिले? कशाने कापिले?’ मूल आपली चूक आपणच सुधारील.