मधल्या पदाची फोड

श्रोतेहो, फळा जवळ नसतां बीजगणितावर बोलावयाचें म्हणजे मोठी पंचाईत. म्हणून प्रथम कागद व पेन्सिल हातीं घ्यावी, आणि घरांत आठवी-नववीचा विद्यार्थी असल्यास त्यासही जवळ बसवावें.

माझ्या नोकरीच्या आरंभींची गोष्ट. फळ्यावर ६क्ष² + १७क्ष + १२ ही राशि लिहून मीं तिचे अवयव पाडण्याची रीत सांगत होतों. दोन टोकांच्या अंकांचा गुणाकार ७२. ज्यांचा गुणाकार ७२ व बेरीज १७ अशा संख्या ८ आणि ९. म्हणून १७क्षच्या जागीं ८क्ष + ९क्ष लिहावें व दोन दोन पदांचे गट करावे. तोंच एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, टोकांचा गुणाकार कां करावयाचा? या राशींत ७२ तर कोठेंच दिसत नाहींत." मीं त्यास "रीत आहे, तशी कर," असें दटावून खालीं बसविलें. खरें पाहतां उत्तर मलाच ठाऊक नव्हतें. पुढें वर्षभर त्यानें हात वर केला नाहीं. उदाहरणें अचूक सोडवी. विचारीत मात्र कांहीं नसे.

त्यास जें सांगावयास हवें होतें तें आज सांगतों.

एक काटकोन चौकोनी घर डोळ्यांपुढें आणा. एका भिंतीनें त्याच्या लांबीचे ३ व ४ हात असे भाग पडले आहेत. दुसरीनें रुंदीचे २ व ५ हात असे. चार खोल्या झाल्या. त्यांचीं क्षेत्रफळें ६, ८, १५ व २०. आतां तिरप्या कोपऱ्यांतील खोल्या घ्या. ६ गुणिलें २० म्हणजे १२०, आणि ८ गुणिलें १५ हेही १२०च. हा योगायोग नव्हे. कोणतीही तिरपी जोडी घेतली तरी तींत चारही मापें एकेकदां येतातच. मग गुणाकार निराळा होईल कसा?

आमची राशि हेंही असेंच एक घर आहे. एका कोपऱ्यांत ६क्ष², त्याच्या तिरप्या कोपऱ्यांत १२. उरलेल्या दोन खोल्या एकत्र मिसळून त्यांचे १७क्ष झाले आहेत, आणि त्या वेगळ्या करणें एवढेंच आपलें काम. त्यांचा गुणाकार टोकांच्या गुणाकाराइतकाच, म्हणजे ७२क्ष², असला पाहिजे. मुलाला न दिसलेले ७२ ते हेच! आतां ६क्ष² + ८क्ष यांतून २क्ष काढला, ९क्ष + १२ यांतून ३ काढले, कीं दोन्ही कंसांत ३क्ष + ४ च उरतात. अवयव झाले (३क्ष + ४)(२क्ष + ३). एक घराची लांबी, दुसरा रुंदी. ९क्ष आधीं लिहिले तरी उत्तर तेंच येतें, करून पाहावें.

खंड पाडून गुणण्याची युक्ति आपल्याकडे जुनीच आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या लीलावतींत १३५ ला १२ नीं गुणतांना १२ चे ८ व ४ असे खंड केले आहेत. आपण येथें उलट वाटेनें, खोल्यांवरून भिंतींकडे जातों.

वजा चिन्ह आलें कीं खोलीचें चित्र अपुरें पडतें, नियम मात्र टिकतो. ६क्ष² + क्ष − १२ यांत गुणाकार उणे ७२, म्हणून फोड ९क्ष व उणे ८क्ष. शेवटच्या गटांत − ८क्ष − १२ आहेत. त्यांतून उणे ४ काढतांना कंसांत २क्ष + ३ येतात. अर्धा वर्ग तेथें २क्ष − ३ लिहितो, आणि मग दोन कंस जुळत नाहींत म्हणून हताश होतो. पालकांनीं तेवढी एक ओळ तपासावी.

आणि २क्ष² + ५क्ष + ४ असें कांहीं समोर आलें तर? गुणाकार ८ व बेरीज ५ असा पूर्णांकांचा जोडच नाहीं. १ व ८ यांची बेरीज ९, २ व ४ यांची ६. तेथें मुलानें "अवयव पडत नाहींत" असें लिहिलें तर त्यास पूर्ण गुण द्यावे.