नवी सरकारी व्यवस्था लोकांपुढे येते तेव्हा

शासनाची एखादी नवी व्यवस्था सुरू झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत व्यासपीठाचे छायाचित्र येते. कळ दाबणारा हात त्यात दिसतो, कळीमागची यंत्रणा दिसत नाही. ती यंत्रणा लोकांच्या हाती देण्यापूर्वी कोणती तयारी करावी लागते, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. त्याचे उदाहरण आपल्या गावातच सापडते.

१४ एप्रिल २०१७ रोजी नागपूर येथे मानकापूरच्या क्रीडासंकुलात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते 'भीम-आधार' या देवघेवीच्या पद्धतीचा प्रारंभ झाला. दिवस डॉ. आंबेडकरांच्या जयंतीचा होता. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाचेच नाव 'भीम'ला दिलेले होते. त्यापूर्वी २५ डिसेंबर २०१६ पासून देशातील शंभर शहरांत 'डिजिधन' मेळे भरविण्याचा कार्यक्रम आखलेला होता. लोकांना नवी पद्धत प्रत्यक्ष दाखवावी हा त्यांचा हेतू. नागपूरचा मेळा हा त्या मालिकेचा समारोप होता.

ही पद्धत चालते कशी, ते पाहू. समजा, इतवारीतल्या दुकानात गिऱ्हाइकाने माल घेतला. त्याच्याजवळ ना मोबाईल, ना कार्ड. दुकानदाराच्या मोबाईलला बोटाचा ठसा घेणारे लहानसे यंत्र जोडलेले असते. गिऱ्हाईक आधार क्रमांक व आपल्या बँकेचे नाव सांगते आणि यंत्रावर बोट टेकते. ठसा आधारच्या नोंदीशी पडताळला जातो आणि तो जुळला की गिऱ्हाइकाच्या खात्यातली रक्कम दुकानदाराच्या खात्यात जमा होते. मात्र त्यासाठी खाते आधारशी जोडलेले हवे, इंटरनेट चालू हवे, दोन्ही बँकांची यंत्रे जागी हवीत आणि बोटाचा ठसा स्पष्ट उमटावयास हवा. यांतला एक दुवा निखळला की गिऱ्हाईक फळीपाशी खोळंबते.

तेव्हा तयारी म्हणजे मंडप आणि निमंत्रणे नव्हेत. हा प्रत्येक दुवा आधी लहान प्रमाणावर तपासणे, दुकानदारांना शिकविणे आणि तक्रार कोठे न्यावी हे ठरवून ठेवणे, ही खरी तयारी. उद्घाटनाची तारीख पुष्कळदा पंचांग पाहून किंवा पाहुण्यांच्या सोयीने ठरते. ती ठरली की मागे मोजत येऊन प्रत्येक कामाला पुरेसे दिवस उरतात की नाही, हे योजकांनी पाहावयास हवे.

या बाबतीत दशमान नाण्यांचा जुना अनुभव बोलका आहे. कायदा १९५५ साली झाला आणि अंमल १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी सुरू झाला. त्यामुळे कीर्द-खतावणी नव्या मापाने आरंभता आली. चार आण्यांचे पंचवीस नये पैसे सरळ होत. पण एका आण्याचे सव्वासहा होत, आणि पाव पैसा द्यावयाचा कसा? त्यासाठी कोष्टके प्रसिद्ध झाली आणि एक आणा सहा नव्या पैशांचा धरला गेला. मुख्य म्हणजे जुनी नाणी एका रात्रीत बाद केली नाहीत. काही काळ दोन्ही शेजारी शेजारी चालली. 'नवा' हे विशेषण तर १ जून १९६४ रोजीच गळाले.

जुन्याला असे काही काळ जागते ठेवणे, हे आमच्या मते तयारीचे सर्वांत महत्त्वाचे अंग होय. इतवारीत ठसा जुळला नाही तर गिऱ्हाईक रोख पैसे देऊन मोकळे होते. पण आधारची हीच ओळख शिधावाटपाच्या दुकानातही मागितली जाते. विटा वाहून, भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा ठसा तेथे जुळला नाही आणि दुसरी सोय नसली, तर पिशवी रिकामीच घरी जाते. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या खेड्यात समारंभाने दिला गेला. केवळ ओळख पटली नाही म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारला जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले ते २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात. मध्ये आठ वर्षे गेली. डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख, मोबाईलवर येणारा संकेतांक, किंवा अगदी साधी नोंदवही, यांपैकी पर्यायी मार्ग कोणता, हे आरंभाच्या दिवशीच दुकानाच्या दारावर लिहिलेले असावयास हवे.

आपण नागरिकांनीही नवी व्यवस्था येताना काही साधे प्रश्न विचारावेत. ही आधी कोठे चालवून पाहिली? जुनी किती दिवस चालू राहील? यंत्र अडले तर माणसाने कोणाकडे जावे? उत्तरे मंडपात मिळतीलच असे नाही. महिनाभराने आपल्या मोहल्ल्यातल्या शिधावाटपाच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहिले, तर ती सहज कळतील.