तबेल्यातली दोस्ती आणि रेसची लत

आमच्या वस्तीतले एक दादा रेसच्या दिवशी महालक्ष्मीला जातात. पैशासाठी नाही, दोस्तांना भेटायला, असं ते सांगतात. आणि ते अगदीच खोटं नाही. तिथल्या सईसांशी त्यांची जुनी ओळख आहे. पहाटे अंधारात उठून घोड्याला मालिश करायची, दाणापाणी द्यायचं, लीद काढायची, असं काम करणारी ती माणसं आपल्यासारखीच कष्टकरी. सोबत चहा, गावाकडच्या गोष्टी. घरी कुणी विचारत नाही ते तिथे विचारतात. म्हणून 'रेस सोडा' म्हटलं की दादांना 'दोस्त सोडा' असं ऐकू येतं. घरच्यांनी आधी हे समजून घ्यावं.

आता सईसाच्या 'टिप'चं बघू. घोड्याने काल दाणा खाल्ला का, पाय गरम लागतो का, हे सईसाला खरोखर कळतं. पण ते त्याच्या घोड्याचं. त्याच रेसमधल्या बाकी आठ-दहा घोड्यांचं त्याला काय ठाऊक? शिवाय बऱ्याच रेस हॅंडिकॅपच्या असतात. म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन सगळ्यांना मुद्दाम जवळ आणलेलं असतं. आणि टिप दहा जणांपर्यंत पोहोचली की त्या घोड्याचा भाव पडतो. जिंकला तरी हाती थोडंच येतं. सईस फसवतो असं आम्ही म्हणत नाही. बरेचदा तोही त्याच घोड्यावर पगार लावून बसलेला असतो.

टोटचा हिशोब साधा आहे. सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यातून क्लबचा वाटा आणि कर कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. समजा 100 मधले 20 कापले गेले. उरलेले 80 पुन्हा लावले तर 64 राहतात, मग 51. ऑक्टोबर 2023 पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला, 2025 मध्ये तो 40 टक्के झाला. सुप्रीम कोर्टाने 1996 साली रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं, हे दादा आम्हाला नेहमी ऐकवतात. पण कोर्टाने कपात थांबवलेली नाही.

मग माणूस थांबत का नाही? कधी जिंकू हे ठरलेलं नसतं, म्हणूनच मेंदू पुन्हा पुन्हा तिकडे ओढतो. घोडा मानेने हरला तर 'जवळजवळ जिंकलोच' असं वाटतं आणि हरणंही चटक लावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार आहे, दारूच्या व्यसनाच्या शेजारीच. गेलेले पैसे भरून काढायला पुन्हा लावणं, रक्कम वाढत जाणं, न गेल्यास चिडचिड, झोप उडणं, उसनवारी, आणि खोटं बोलणं ही त्याची लक्षणं. सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितलेत. त्यातला एक, सभेत जुगाऱ्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, हा बचत गटातल्या आपल्या ताईंना चांगलाच ठाऊक असेल.

ताई, कर्ज एकदम फेडून टाकू नका. ते फिटलं की नवं घ्यायला वाट मोकळी होते. त्यापेक्षा पगाराचं खातं आणि एटीएम कार्ड काही महिने तुमच्याकडे ठेवा, दोघांच्या संमतीने. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समुपदेशन मिळतं, तोच मुख्य उपचार. दारू किंवा उदासी जोडीला असेल तर डॉक्टर औषध देतात. 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. कर्जाच्या लाजेने कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि दोस्तीचं? आमचे दादा हल्ली रेस नसलेल्या दिवशी, खिशात बसभाड्यापुरते पैसे ठेवून जातात. कधी सईसालाच घरी जेवायला बोलावतात. तबेल्यात जाणाऱ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र वेळेवर घ्यावं. लीद आणि माती असलेल्या जागी साधी जखमही महागात पडते.