पाणबुड्याचे कान



समुद्र आपल्या नागभीडपासून फार दूर. मग पाणबुड्यांच्या कानांची चर्चा येथे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपला मुलूख तलावांचा आहे. घोडाझरी असो वा गावोगावचे माजी मालगुजारी तलाव असोत, जाळे गुंतले की ढिवर बांधवाला बुडी मारावी लागते. कोणी बुडाला तर हाकही त्यालाच जाते. “तलाव तो काय, समुद्र थोडाच आहे!” ही समजूत मात्र कानांपुरती खोटी आहे.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी असते. तिच्यातून एक बारीक नळी घशात उतरते आणि गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. पाण्यात दर 10 मीटरांस सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागापासून 3 मीटर खाली जाताच पोकळीतील हवा जवळजवळ चतुर्थांशाने आकसू पाहते. 30 मीटरांवरून 33 मीटरांवर जाताना अवघी 7 टक्के. म्हणजे कानाची खरी कसोटी वरच्या पाण्यातच लागते.

नळीवाटे हवा पोचली नाही, तर पडदा आत ओढला जाऊन ठणकतो. तरीही खाली जात राहिल्यास तो फाटतो. आत थंड पाणी शिरले की तोल सांभाळणारे इंद्रिय बिथरते, भोवळ येते, वर कोणते नि खाली कोणते हे कळत नाही. हा तर जिवावरचाच प्रसंग! पडद्याचे छिद्र पुष्कळदा आपोआप भरून येते. अंतःकर्णातील नष्ट झालेल्या श्रवणपेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत.

यावरील युक्ती जुनी आहे. इटालीच्या व्हाल्साल्व्हा या शरीरशास्त्रज्ञाने 1704 च्या आपल्या ग्रंथात ती वर्णिली: नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकावे. पाणबुड्याने ती कान दुखण्यापूर्वीच, उतरता उतरता वारंवार करावी. जोर करू नये. त्याने अंतःकर्णाला इजा होते. हवा जात नसेल तर वर यावे. कानात बोळा घालून बुडू नये. कान वाहत असेल तर तेल ओतू नये, डॉक्टरांना दाखवावे. अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी गाठावे.

सर्दीत ही नळी सुजून बंद होते. म्हणून काठावरून बुडी मारणाऱ्याला हाक घालणाऱ्या आपण सर्वांनी आधी एवढे विचारावे: “बाबा, सर्दी तर नाही ना? कान दुखत नाही ना?” होय म्हणाला, तर त्याला पाण्यात उतरवू नये.